जुन्या ट्रॅक्टरचे पार्ट वाजवी दरात कसे शोधायचे: नंबर, माप आणि बाजार

आमच्याकडे वडिलांनी १९८६ साली घेतलेला एचएमटी २५११ आहे. गावात सगळे त्याला झेटरच म्हणतात आणि त्यात चूक काही नाही. १९७१ पासून हरियाणातल्या पिंजोरला एचएमटीने हे दोन सिलिंडरचं मॉडेल बनवलं ते झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरूनच. २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळे आता या ट्रॅक्टरला ना शोरूम, ना कंपनीचा डीलर. तरीही गेल्या आठ-दहा वर्षांत पार्ट मिळाला नाही म्हणून तो एकदाही उभा राहिलेला नाही.

हे जमायला लागलं ते एका मे महिन्यात. पुढच्या डाव्या चाकाच्या हबचं बेअरिंग गेलं. वळीव दोनदा पडून गेला होता, नांगरट अर्धवट होती. तालुक्याला तीन दुकानं फिरलो. पहिल्या दोघांनी मान हलवली, "एचएमटीचं आता काय येत न्हाई मालक, कंपनीच बंद झाली." तिसरा म्हणाला, पंजाबातून अख्खा हब मागवून देतो, चार हजार पडतील, आठ दिवस लागतील. घरी येऊन मिस्त्रीमामांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. तुटलेलं बेअरिंग डिझेलच्या डब्यात बुडवलं, वायर ब्रशने आतल्या कडीची बाजू घासली आणि उन्हात तिरकी धरली. काळपट ग्रीसखालून बारीक आकडे दिसायला लागले, ३०२ ने सुरू होणारा पाच आकडी नंबर. तेवढा कागदावर लिहून घेतला आणि सांगलीत बेअरिंगच्या दुकानात गेलो. दुकानदाराने ट्रॅक्टर कुठला ते विचारलंसुद्धा नाही. कपाटातून खोका काढून समोर ठेवला. ३८० रुपये.

जुन्या ट्रॅक्टरचा बराचसा भाग ट्रॅक्टर कंपनीने बनवलेलाच नसतो. बेअरिंग बेअरिंगवाल्याचं, सील सीलवाल्याचं, डिझेल पंप पंपवाल्याचा, सेल्फ-डायनामो तिसऱ्याचाच. त्यामुळे ट्रॅक्टरचं नाव सांगून पार्ट मागितला तर दुकानदार त्या नावाच्या खोक्यातच शोधतो. नंबर किंवा माप सांगितलं, तर अख्खा बाजार तुमच्यासाठी उघडतो. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी खात्री: पार्ट खरंच गेलाय का?

हे थोडक्यात सांगतो, पण वगळू नका. सेल्फ फिरत नाही म्हणून नवा सेल्फ घेणारे खूप बघितले. आधी बॅटरीची टर्मिनल घासा, बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून साफ करा. ट्रॅक्टर गरम होतो म्हणून वॉटर पंप बदलण्याआधी पट्टा ढिला आहे का आणि रेडिएटरच्या जाळीत भुसकट अडकलंय का ते बघा. लिफ्ट उचलत नसेल तर आधी तेलाची पातळी आणि गाळणी. न बदललेला पार्ट सगळ्यात स्वस्त पडतो.

ट्रॅक्टरची कुंडली

एक वही करा. पहिल्या पानावर आरसी बुकातून मॉडेल, वर्ष, इंजिन नंबर, चेसिस नंबर. मग इंजिनावर आणि चेसिसवर ठोकलेले नंबर स्वतः डोळ्यांनी बघून त्याच्याशी जुळवा. जुन्या ट्रॅक्टरला कधीतरी कुणीतरी दुसऱ्या मॉडेलचा पुढचा एक्सल, दुसरा डिझेल पंप, दुसरं स्टिअरिंग बसवलेलं असतं. तुम्ही दुसऱ्या-तिसऱ्या हाताने घेतला असेल तर हे धरूनच चाला. कॅटलॉगमध्ये एक आणि ट्रॅक्टरवर दुसरंच, असं निघालं की पैसे आणि खेप दोन्ही वाया जातात.

मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक मॉडेलांची चाचणी तिथे झालेली असते. त्या अहवालात क्लचचा व्यास, टायरची मापं, तेलाची क्षमता, डिझेल पंप आणि फिल्टर कुणाचे, असं बरंच काही लिहिलेलं असतं. तुमच्या मॉडेलचा अहवाल हाती लागला तर त्याची छापील प्रत वहीला जोडून ठेवा. तसंच चित्रांसहित जुना पार्ट कॅटलॉग कुठे मिळाला तर फोटोकॉपी करून घ्या. गावात आणखी कुणाकडे तेच मॉडेल असेल तर त्याच्या पत्र्याच्या पेटीत बघा, बहुतेक वेळा तिथेच सापडतो.

पार्ट धुवा, वाचा, मोजा

इथे वेळ घालवा, कारण पैसे इथेच वाचतात. एक व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरच्याही अंशापर्यंत मोजणारं जबड्याचं माप, विकत घ्या. साधा चालेल, पण घरात हवाच. फूटपट्टीवर दोन सूत, अडीच सूत करून आणलेला पार्ट बसत नाही.

बेअरिंगपासून सुरुवात करू. नंबर कडीच्या बाजूवर कोरलेला असतो. ६२०६ घ्या. सुरुवातीचा ६ म्हणजे साधं गोळ्यांचं बेअरिंग आणि शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतलं भोक मिळतं, ०६ म्हणजे ३० मिलिमीटर. (०४ पासून पुढे हा हिशेब चालतो.) ६२०६ आणि ६३०६ दोन्हींचं भोक ३० चंच, पण पहिल्याचा बाहेरचा व्यास ६२ आणि दुसऱ्याचा ७२. म्हणून "तीसचं बेअरिंग द्या" एवढ्याने भागत नाही. नंबरच्या मागची अक्षरंही लिहून घ्या. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, २आरएस म्हणजे रबराचं, आणि सी३ म्हणजे आत थोडी जास्त ढील. जुन्यावर सी३ असेल तर सी३ च आणा. टेपर रोलर, म्हणजे गोळ्यांऐवजी निमुळत्या रोलरचं बेअरिंग असेल तर आतला कोन आणि बाहेरचा कप दोन्ही बदला. कप ठोकून काढायचा कंटाळा केला तर नवा कोन जुन्या कपावर फार दिवस टिकत नाही.

ऑइल सीलवर तीन आकडे असतात: शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ४०-६२-१० असं. आकडे झिजले असतील तर जुन्या सीलचं रबर मोजू नका, ते पसरलेलं असतं. शाफ्ट मोजा आणि सील बसतं ते घर मोजा. एवढं झालं की शाफ्टवर सील घासते त्या जागी नख फिरवा. नख खाचेत अडकलं तर नुसतं नवं सील लावून गळती थांबणार नाही, आणि इथेच लोक तीन-तीन सीलं बदलून दुकानदाराला शिव्या देतात. सीलच्या घरात जागा असेल तर सील दोन मिलिमीटर मागे-पुढे बसवा, म्हणजे त्याचा रबरी ओठ कोऱ्या जागेवर येतो. नाहीतर लेथवाल्याकडून त्या जागी पातळ बुश चढवून घ्या. बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे.

पट्ट्यावर अक्षर आणि आकडा असतो. बी-४२ मध्ये बी ही रुंदी, वरच्या बाजूला १७ मिलिमीटर, आणि ४२ ही आतली लांबी इंचात. ए पट्टा १३ मिलिमीटरचा. क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास, मधल्या हबच्या खाचा किती आणि हबचं भोक केवढं, एवढं लिहून न्या. खाचा मोजताना एकीवर खडूने खूण करा, नाहीतर हमखास एक इकडे-तिकडे होते. लिफ्टच्या ओ-रिंगसाठी आतला व्यास आणि दोरीची जाडी सांगा आणि नायट्राइल रबराचीच मागा. साधं रबर तेलात फुगतं. इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलवर बारीक अक्षरांत पूर्ण नंबर असतो, तो एकही अक्षर न गाळता लिहा. मायकोचे जुने पंप आणि नोझल आता बॉशच्या नावाने येतात. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदललं, माल त्याच घरचा.

आटे हा वेगळाच विषय. झेटर-एचएमटी मिलिमीटरच्या आट्यांचे. जुने मॅसी, फोर्ड, इंटरनॅशनल बी-२७५ हे इंची आट्यांचे. पाच सूत म्हणजे पाच अष्टमांश इंच आणि १६ मिलिमीटर हे बोल्ट डोळ्यांना एकच दिसतात, पण आटे जुळत नाहीत. पान्याने जबरदस्ती केली की कास्टिंगमधले आटेच निघून येतात आणि पंधरा रुपयांच्या बोल्टपायी हाऊसिंग लेथवर न्यावं लागतं. म्हणून जुना नट खिशात टाकूनच दुकानात जा. नव्या बोल्टवर तो बोटांनी शेवटपर्यंत फिरला पाहिजे.

मोठ्या ओतीव भागावरचा नंबर मात्र जपून वाचा. तो बऱ्याचदा साच्याचा नंबर असतो, पार्टचा नव्हे. फोर्डच्या नंबरांची एक सोय आहे. सी५एनएन अशी सुरुवात असेल तर सी म्हणजे १९६० चं दशक आणि ५ म्हणजे १९६५, डी असेल तर सत्तरचं दशक. मॅसीच्या पार्ट नंबरच्या शेवटी एम१ किंवा एम९१ असं येतं. एवढं ओळखलं तरी हातातला नंबर पार्टचा आहे की नाही याचा अंदाज येतो.

आपला ट्रॅक्टर कुणाच्या घरातला?

कंपन्या विकल्या गेल्या, नावं बदलली, पण यंत्राची घराणी चालू राहिली. जुन्या फोर्ड ३६०० ला फार्मट्रॅक ६० चे बरेच पार्ट चालतात, कारण एस्कॉर्ट्सने तोच ट्रॅक्टर पुढे त्या नावाने चालवला. मॅसी १०३५ चं इंजिन सिम्पसन कंपनीचं. ते नाव घेऊन इंजिनाचे पार्ट मागा. जुन्या स्वराजच्या इंजिनाचं नातं किर्लोस्करशी. आयशर ट्रॅक्टर २००५ मध्ये टाफे या ट्रॅक्टर कंपनीकडे गेला, म्हणून जुन्या आयशरसाठी टाफेच्या डीलरकडे विचारा. पंजाब ट्रॅक्टर्स म्हणजे स्वराज २००७ मध्ये महिंद्राने घेतली. बी-२७५ ची मुळं ब्रिटनमधल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरमध्ये. झेटरवाल्यांसाठी तर चांगली बातमी आहे. जुने झेटर जगभर चालतात, आणि त्यांचे पार्ट लुधियाना, राजकोटकडे आजही निर्यातीसाठी बनतात.

तरी "चालतो" या शब्दावर विसंबून पैसे देऊ नका. "बसला नाही तर परत घेणार का?" हा प्रश्न आधी विचारा. घरून मोजून नेलेलं माप आणि दुकानात मोजलेलं माप जुळलं तरच पुढे जा.

कुठे शोधायचं, आणि कुठल्या क्रमाने

मी आधी बेअरिंग-सील-पट्ट्यांच्या दुकानात जातो, ट्रॅक्टरच्या दुकानात नंतर. हा क्रम उलटा केला तर तोच माल खोका बदलून महाग मिळतो. मग तालुक्याचं जुनं स्पेअर पार्टचं दुकान, ज्याच्या माळ्यावर धुळीत वीस-वीस वर्षांचा माल पडलेला असतो. तिथे गर्दीच्या वेळी जाऊ नका. दुपारी निवांत जा, नंबर सांगा आणि वर चढायची परवानगी मागा. माझ्या २५११ चं वायसरसकट कोरं सायलेन्सर पॅकिंग मला असंच सापडलं.

त्यानंतर कटिंगचा माल. जुने ट्रॅक्टर तोडून विकणारे जिल्ह्याच्या ठिकाणी असतातच. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत कुर्ला, दूरची खेप असेल तर दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी. कटिंगमधून मी रिम, मडगार्ड, बोनेट, टॉप लिंक, लिफ्टचे आर्म, हाऊसिंग आणि बघून-पारखून गिअर घेतो. स्टिअरिंगचे सांधे, टाय रॉड एंड, स्टब एक्सल, किंगपिन आणि ब्रेकचे भाग कधीच घेत नाही. ट्रॉली भरून रस्त्याला लागल्यावर हेच भाग आपला आणि समोरच्याचा जीव सांभाळतात.

हाऊसिंग घेताना तडा असा बघा: रॉकेलने पुसा, कोरड्या फडक्याने टिपा, वर खडूची पूड चोळा आणि दहा मिनिटं थांबा. तडा असेल तर आतलं रॉकेल झिरपून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. गिअरचे दात उन्हात फिरवून बघा. कडा तुटलेल्या किंवा दाताच्या तोंडावर खड्डे पडलेले असतील तर सोडून द्या. क्राऊन-पिनियन नेहमी जोडीने घ्या. एकाचा क्राऊन आणि दुसऱ्याचा पिनियन घातला की ओरडत राहतो. नंबर ठोकलेला इंजिन ब्लॉक घ्यायचा झाला तर विक्रेत्याची कागदपत्रं आणि पक्कं बिल घ्या. इंजिन नंबर बदलला की आरटीओत आरसीवर नोंद करावी लागते. कागद नसलेला ब्लॉक कितीही स्वस्त असला तरी हात लावू नका.

लांबून मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर पार्टचा फोटो पाठवा, शेजारी फूटपट्टी ठेवून. विक्रेत्याकडूनही तसाच फोटो मागवा, नंबर वाचता येईल असा. अनोळखी माणसाला पूर्ण रक्कम आगाऊ पाठवू नका. मी एकदा पाठवली. आलेल्या खोक्यात दुसऱ्याच मॉडेलचा पार्ट होता आणि फोन लागेना. तेव्हापासून माल एसटी पार्सलने किंवा ट्रॅव्हल्सने मागवतो आणि उरलेले पैसे माल हातात आल्यावर देतो.

काय ओरिजिनल, काय लोकल

सगळंच ओरिजिनल घ्यायला लागलात तर जुना ट्रॅक्टर परवडत नाही. सगळंच लोकल घेतलंत तर चालत नाही. माझी वाटणी अशी: नोझल, डिझेल फिल्टर, पिस्टन-रिंग-लायनर, मेन आणि बिगएंड बेअरिंग, क्लच आणि ब्रेक, यांत नामांकित कंपनीचा माल. बंपर, मडगार्ड, सीट, लाइट, पिना, दांडे, नट-बोल्ट लोकल चालतात. डिझेल फिल्टरमध्ये पन्नास रुपये वाचवून नोझल आणि पंप खराब झालेला मी दोन घरी पाहिलाय. खोक्यावरची छपाई पुसट असेल, नंबरात अक्षरं वाकडी असतील, किंवा भाव इतर ठिकाणांपेक्षा फारच कमी असेल तर घेऊ नका. जुना पार्ट सोबत नेला असेल तर दोन्ही हातांत तोलून बघा. हलका लागला की काहीतरी वाचवलेलं आहे.

पक्कं बिल मागाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरचे टायर-ट्यूब आणि रेडिएटर, क्लच असेंब्ली, हायड्रॉलिक पंप अशा ठराविक भागांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर जुना दर लावलेला नाही ना, ते बघा.

नवा घेण्याऐवजी जुना जागेवर आणणं

क्रँक झिजली म्हणून क्रँक बदलायची गरज क्वचित पडते. ग्राइंडिंगवाला ती घासून दहा, वीस किंवा तीसच्या साईझवर आणतो, म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा, वीस किंवा तीस. दहाची साईझ साधारण पाव मिलिमीटर. आधी घासून घ्या, माप हातात घ्या, मगच बेअरिंगचा सेट आणा. सेटच्या पाठीवर एसटीडी (म्हणजे मूळ, न घासलेलं माप), ०१० किंवा ०२० असं कोरलेलं असतं. मिलिमीटरच्या इंजिनात ०.२५, ०.५० असं. क्रँक आधीच घासलेली असू शकते. म्हणून इंजिन खोलल्याबरोबर जुन्या बेअरिंगची पाठ वाचून वहीत लिहा.

क्लच प्लेट आणि ब्रेक शू यांची पत्र्याची बॉडी चांगली असेल तर नवं लायनिंग रिव्हेट मारून मिळतं. डिझेल पंप नवा घेण्याआधी पंपवाल्याकडे तपासणीच्या यंत्रावर लावून बघायला सांगा. बऱ्याचदा एलिमेंट बदलून कॅलिब्रेशन केलं की पंप पुन्हा उभा राहतो. मिळतच नाही असा बुश, पिन, शाफ्ट लेथवर बनतो. टर्नरला जुना पार्ट आणि तो ज्यात बसतो तो भाग, दोन्ही नेऊन द्या. नुसत्या झिजलेल्या पार्टवरून बनवलं तर झीजही तशीच उतरते. बुशसाठी गन मेटल सांगा. ओतीव भाग अजिबात मिळत नसेल तर कोल्हापूरचं उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसी आहे. तिथल्या फाउंड्रीतून एकच नग ओतून घेणं महाग पडतं. पण त्या मॉडेलचे चार-पाच मालक एकत्र आले तर साच्याचा खर्च वाटला जातो. आम्ही तिघांनी मिळून पुढच्या एक्सलची ब्रॅकेट अशी करून घेतली होती.

कधी घ्यायचं आणि किती

मेच्या शेवटच्या पंधरवड्यात आणि रब्बीच्या पेरणीच्या तोंडावर दुकानदार भावात उतरत नाही आणि लेथवाल्याकडे रांग असते. मोठं काम जुलै-ऑगस्टमध्ये काढा, ट्रॅक्टर निवांत असतो तेव्हा. कामाआधी लागणाऱ्या पार्टांची पूर्ण बेरीज मांडा. मिस्त्री खोलतील तसतसं आणायचं म्हटलं की रोज एक खेप होते आणि घाईत मिळेल ते घेतलं जातं. बेरीज ट्रॅक्टरच्या आजच्या किमतीच्या निम्म्याच्या पुढे गेली तर मी थांबतो आणि कटिंगमध्ये पूर्ण चालू इंजिन किंवा गिअरबॉक्स मिळतो का ते आधी बघतो.

घरात थोडा साठा ठेवा. आमच्या पत्र्याच्या पेटीत पुढच्या हबची एक जोडी बेअरिंग, हबची सीलं, एक फॅन बेल्ट, डिझेल फिल्टरचा एक जोड, रेडिएटरचा वरचा-खालचा पाइप, लिफ्टच्या ओ-रिंगचा सेट आणि फ्यूज असतात. पेटीच्या झाकणाला आतून कागद चिकटवलाय. त्यावर प्रत्येक पार्टचा नंबर, कुठून घेतला, कधी, किती रुपयाला. मी शेतात असलो तर मुलगा तो वाचून फोनवर दुकानदाराला नंबर सांगतो.